हिवाळ्यापूर्वीं कोंवळ्या घासाची निगा

(शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिलें पत्र ३:५–९, मार्क ४:२६–२९, तीमथ्याला दुसरें पत्र ४:२१)



पावसाळा सरला. बाजरी खळ्यावरून घरांत आली, जमीन वाफशावर आली, आणि ज्यांच्या विहिरीस पाणी आहे अशा शेतकऱ्यांनीं शाळू व हरभरा ह्यांच्या पेरणीबरोबरच घासाचे वाफेही बांधून घेतले. ज्या जिल्ह्यास पूर्वीं अहमदनगर म्हणत व सन २०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, त्या भागांत घास म्हटला म्हणजे लसूणघास, हें कोणास सांगावें लागत नाहीं. जाणते लोक म्हणतात कीं ही वनस्पति खऱ्या गवताच्या कुळांतील नव्हे, हरभरा व वाटाणा ह्यांच्या कुळांतील आहे. परंतु दाव्याला बांधलेल्या गाईस त्या भेदाशीं कांहीं कर्तव्य नसतें. तिला हिरवा चारा हवा असतो, आणि उन्हाळ्यांत जेव्हां सर्व रान करपून जातें, तेव्हां तो चारा ह्या घासाच्या वाफ्यांतूनच मिळतो.

गेल्या पंधरवड्यांत आम्ही एका लहान मंडळीच्या भेटीस गेलों असतां तेथील एका वृद्ध सभासदाच्या मळ्यांत उतरलों. सकाळीं प्रार्थना करून बाहेर येऊन पाहतों तों म्हातारबा हातांत खुरपें घेऊन घासाच्या वाफ्यांत उकिडवे बसले होते. बीं पेरून पंधरा-सोळा दिवस झाले होते. अंकुर एवढे बारीक कीं दुरून पाहणारास वाफा रिकामाच वाटावा. आम्हीं विचारिलें, "बाबा, पेरणी तर झाली, आतां थोडा विसावा कां घेत नाहीं?" ते हंसले व म्हणाले, "साहेब, पेरणी हे एका दिवसाचं काम. घास उभा राहतो तो पुढच्या दोन महिन्यांत. कडाक्याची थंडी पडायच्या आत मुळी खाली गेली, तर तीन वर्षं गुरांना चिंता नाही. नाही गेली, तर बीही गेलं आणि वाफाही गेला."

हे शब्द ऐकून आम्ही तेथेंच बांधावर बसलों. त्यांनीं तें घासाविषयीं सांगितलें खरें, परंतु आमचें मन आमच्या मंडळीच्या वहीकडे गेलें. त्या वहींत ह्या वर्षीं बाप्तिस्मा घेतलेल्यांचीं नांवें लिहिलीं आहेत. नांव लिहिणें हें एका दिवसाचें काम होय. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आम्हीं काय केलें? आज ह्याच एका प्रश्नाविषयीं आपण देवासमोर विचार करूं या.

प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीस लिहितांना शेतकऱ्याच्याच भाषेंत बोलतो. आपण स्वतः लावणी केली, अपुल्लोसानें पाणी घातलें, परंतु वाढ देणारा देव आहे, असें तो सांगतो. आणि पुढें मंडळीला देवाचें शेत असें नांव देतो. येथें एक गोष्ट लक्ष्यांत घ्यावी. वाढविणें देवाकडे आहे म्हणून पाणी घालणाराची गरज नाहीं, असें पौल म्हणत नाहीं. लावणारा व पाणी घालणारा हे दोघे एकच आहेत, आणि प्रत्येकास आपल्या श्रमाप्रमाणें मजुरी मिळेल, असें तो म्हणतो. आमच्या मंडळ्यांत लावणी करणारांचा मान मोठा असतो. अमक्या उपदेशकाच्या हातून इतके लोक प्रभूकडे आले, हें सभेंत सांगितलें जातें. परंतु त्या लोकांस पुढें कोणीं पाणी घातलें, हें कोणी विचारीत नाहीं. म्हणून आज आपण घासाच्या वाफ्यापाशीं बसून पांच धडे शिकूं.

१. बीं उथळ पेरावें.

घासाचें बीं फार बारीक असतें. एका ग्रॅमांत सुमारें ४०० ते ५०० बिया मावतात. हेक्टरीं २५ किलोंच्या आसपास बीं लागतें, आणि तें ३० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत पेरितात. परंतु पेरणाराचें खरें कौशल्य खोलींत आहे. बीं एक-दोन सेंटिमीटरांहून खालीं गेलें, तर त्याच्या अंगीं वर येण्याइतकें बळ नसतें. तें उगवतें, मातींतल्या मातींत धडपडतें, आणि उजेड पाहण्यापूर्वींच मरतें. बीं वाईट नव्हतें, जमीनही वाईट नव्हती. पेरणारानें त्यावर माती फार घातली, एवढेंच झालें.

उपदेशकबंधूंनो, ह्या बाबतींत आमच्याकडून वारंवार चूक झाली आहे, ती आम्ही कबूल करितों. सेमिनरींत आम्ही जें शिकलों, तें सर्व एका रात्रींत नव्या कुटुंबापुढें ओतावें असा मोह आम्हांस झाला आहे. ज्या मनुष्यास अद्यापि प्रभूची प्रार्थना नीट येत नाहीं, त्याच्यापुढें आम्हीं पूर्वनिवडीचा वाद मांडिला. तो बिचारा मान डोलवीत बसला आणि दुसऱ्या आठवड्यास आलाच नाहीं. प्रभु येशूनें गालीलांतील कोळ्यांस व शेतकऱ्यांस शिकविलें, तेव्हां दिवा, मीठ, खमीर, हरवलेलें मेंढरूं व मोहरीचा दाणा ह्यांच्या गोष्टी सांगितल्या. जें त्यांस त्या वेळीं सोसवणार नव्हतें, तें त्यानें आपल्या शिष्यांसही सांगितलें नाहीं. तें पुढील काळासाठीं राखून ठेविलें (योहान १६:१२). पौलानेंही करिंथकरांस प्रथम दूध दिलें, जड अन्न दिलें नाहीं.

एका आठवड्यास एक गोष्ट, एक प्रार्थना, एक वचन पाठ, एवढें पुरें. आणि तें देखील ज्या भाषेंत ती माउली आपल्या लेंकरास हाक मारिते त्या भाषेंत असावें. गुरें पाळणारास ठाऊक आहे कीं ओला घास एकदम पोटभर खाऊं घातला, तर चांगल्या जनावरासही पोटफुगी होते. म्हणून शहाणा मनुष्य त्यांत कडबा मिसळतो व थोडथोडा घालतो. अन्न उत्तम असलें तरी तें किती व केव्हां द्यावें हें कळलें पाहिजे.

२. पाणी थोडें परंतु वेळेवर द्यावें.

पेरणी होतांच वाफ्यांत पाणी सोडितात, परंतु तें अगदीं हळू, नाहीं तर बीं वाहून एका कोंपऱ्यांत जमतें. चार-पांच दिवसांनीं पुन्हां हलकें पाणी देतात, कारण वरची माती वाळून तिची खपली धरली तर कोंवळा अंकुर ती फोडूं शकत नाहीं. पुढें मुळें खालीं जाऊं लागलीं म्हणजे आठ-दहा दिवसांच्या अंतरानें पाणी पुरतें. पाणी तुंबून राहिलें तर रोप पिंवळें पडतें व मूळ कुजतें. म्हणजे एके दिवशीं पूर आणि मग महिनाभर कोरडें, ही रीत घासास मारक आहे.

आमच्या मंडळ्यांची रीत मात्र पुष्कळदां हीच असते. बाप्तिस्म्याच्या दिवशीं पूर येतो. हार, भजन, जेवण, भाषणें, सर्व एका दिवसांत होतें. मग कोरडें.

ह्या ठिकाणीं आम्ही एक गोष्ट सांगणार आहों, आणि ती सांगतांना आम्हांस लाज वाटते. सात-आठ वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखीखालील एका वाडीवरील कुटुंबानें प्रभूचा स्वीकार केला. नवरा, बायको व तीन मुलें. पाऊस नुकताच उघडला होता आणि ओढ्यास पाणी होतें. तेथेंच बाप्तिस्म्याचा विधि झाला. आसपासच्या गांवांतून बंधुभगिनी आल्या. आम्हीं त्या दिवशीं वहींत पांच नांवें लिहिलीं आणि समाधानानें घरीं परतलों. त्यानंतर वार्षिक सभा आली, हिशेब आले, नाताळ आला, दोन लग्नें आलीं. उपदेशकबंधूंकडे पांच गांवें होतीं आणि एक जुनी सायकल होती. आज जाऊं, उद्यां जाऊं, असें म्हणतां म्हणतां पौष सरला.

माघ महिन्यांत आम्ही त्या वाडीवर गेलों, तेव्हां घडलेली हकीकत कळली. बाप्तिस्मा झाल्यावर भाऊबंद रागावले होते व सामाईक विहिरीवरील पाण्याची पाळी त्यांनीं बंद केली होती. ह्याची खबर आम्हांस नव्हती, कारण आम्ही विचारावयास गेलोंच नव्हतों. पुढें ऐन थंडींत मधली मुलगी तापानें पडली. आठ दिवस ताप उतरला नाहीं. आईबाप रात्रभर शेकोटीपाशीं तिला घेऊन बसत. आपल्या मंडळीचें एकही माणूस त्या दारांत गेलें नाहीं. शेवटीं जे भाऊबंद रागावले होते, तेच एका रात्रीं उठून आले. त्यांनीं आपली घोंगडी मुलीच्या अंगावर घातली, भाड्याची गाडी आणिली आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. मुलगी वांचली. आणि तें कुटुंब आपल्या भाऊबंदांत परत गेलें.

त्या गृहस्थानें आम्हांस अपशब्द बोलला नाहीं, असें नव्हे तर त्यानें घोंगडें अंथरून आम्हांस बसविलें, पाणी दिलें, चहा केला. आम्ही निघालों तेव्हां तो बांधापर्यंत आला व इतकेंच म्हणाला, "पाळकसाहेब, ओढ्याचं पाणी एकदा घातलंत. नंतर पाण्याची पाळी काही आली नाही."

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आजही देतां येत नाहीं.

परततांना वाटेंत आमच्या मनांत आलें कीं त्या भाऊबंदांस दोष द्यावा. त्यांनींच ह्यांस ओढून नेलें, असें सभेंत सांगावें. परंतु लूकच्या दहाव्या अध्यायांतील प्रभूचा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला : जखमी होऊन पडलेल्या मनुष्याचा शेजारी कोण ठरला? याजक त्या वाटेनें गेला व टळून गेला. लेवीही टळून गेला. ज्यानें दया केली तो शेजारी ठरला. बंधूंनो, त्या वाडीवर दया करणारे ते भाऊबंद होते, आणि टळून जाणारे याजक आम्ही होतों. त्या लोकांनीं कांहीं हिरावून नेलें नाहीं. आम्हीं जें उघड्यावर टाकून दिलें होतें, तें त्यांनीं आपल्या घोंगडीखालीं घेतलें.

पौल व बर्णबा ह्यांचा पहिला प्रवास संपल्यावर कांहीं काळानें पौल काय म्हणाला, हें प्रेषितांचीं कृत्यें १५:३६ ह्यांत वाचा. ज्या ज्या नगरांत वचन सांगितलें तेथें पुन्हां जाऊन बंधुजन कसे आहेत तें पाहूं, असें त्यानें सुचविलें. नवीं नगरें पुष्कळ होतीं, तरी जुन्या वाफ्यांस पाणी देण्याची पाळी त्यानें चुकविली नाहीं.

३. तण व अमरवेल लहानपणींच काढावी.

घास पहिले कांहीं आठवडे फार मंद वाढतो, आणि तण जलद वाढतें. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत खुरपणी चुकवितां येत नाहीं. परंतु सर्व तणांत वाईट ती अमरवेल. म्हातारबांनीं वाफ्याच्या कडेस एक पिंवळा दोरा आम्हांस दाखविला. तिला पानें नाहींत, आणि एकदां पीक सांपडलें म्हणजे जमिनींत मूळही राहत नाहीं. ती घासाच्या देठास विळखा घालते, त्याच्यांत आपलीं तोंडें खुपसते, आणि त्याच्याच रसावर जगते. तिचें बीं घासाच्या बियांत मिसळून येतें, आणि आकार जवळजवळ सारखा असल्यामुळें सहज ओळखूं येत नाहीं. म्हणून जाणता शेतकरी पेरणीपूर्वीं बीं मिठाच्या पाण्यांत टाकून वर तरंगणारें हलकें बीं काढून टाकितो. शेतांत ती दिसलीच तर ती ज्या रोपांवर असेल त्या रोपांसह कापून, तिला बीं धरण्यापूर्वींच, शेताबाहेर नेऊन जाळितो. कारण तिचें बीं मातींत अनेक वर्षें जिवंत राहतें.

ही अमरवेल बाहेरून येत नाहीं, आपल्याच बियांतून येते, हें लक्ष्यांत ठेवा. नव्या विश्वासणाराच्या जिवास विळखा घालणारी अमरवेल पुष्कळदां आपल्याच मंडळींत वाढलेली असते. तिचें नांव आम्ही स्पष्ट सांगतों : जातीचा अभिमान. नवें कुटुंब मंदिरांत आलें म्हणजे पहिला प्रश्न, तुम्हांस प्रभु कसा भेटला, हा नसतो. पहिला प्रश्न असतो, तुम्ही मूळचे कोण? तुमचें आडनांव काय? सोयरीक कोणाकडे? आणि त्या उत्तरावरून कोणी त्यांच्या शेजारीं सरकून बसतो, कोणी दूर सरकतो. प्रभुभोजनाचा पेला एक. परंतु लग्नाच्या पंगतींत मात्र दोन ओळी. ख्रिस्तांत यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र हा भेद उरला नाहीं, हें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांतलें सत्य आपण मुलांकडून पाठ करून घेतों. परंतु तो नवा मनुष्य आपलें पाठांतर पाहत नाहीं, आपली पंगत पाहतो.

जो माणूस अपमानाला कंटाळून समतेच्या प्रभूकडे आला, त्यास प्रभूच्याच घरांत तोच अपमान पुन्हां भेटला, तर त्यानें कोठें जावें? मंडळीच्या वडिलांनो, ही वेल पिंवळ्या दोऱ्याएवढी असतांनाच काढा. तिला बीं धरूं देऊं नका. आपलीं नातवंडें तें बीं वेंचीत बसतील.

४. कोंवळा घास कापूं नये व त्यांत गुरें सोडूं नयेत.

पेरणीपासून सुमारें ५० ते ६० दिवसांनीं घासाची पहिली कापणी होते. पुढें दर २५ ते ३० दिवसांनीं कापणी मिळते, आणि चांगली निगा राखली तर एकदां पेरलेला घास तीन-चार वर्षें चालतो. परंतु घाईनें पहिली कापणी आधींच केली, किंवा हिरवें पाहून शेळी आंत शिरली, तर रोप खचतें. मूळ भरण्याआधींच पानें गेलीं, म्हणजे मुळास अन्न कोठून मिळावें? शिवाय कापतांनाही जमिनीलगत खरडून कापीत नाहींत. बोटें-दोन बोटें बुडखा राखून कापितात, कारण नवी फूट तेथूनच यावयाची असते.

आश्विनांत पेरलेला घास नाताळच्या सुमारास पहिल्या कापणीस येतो. आमची कापणीची घाईही नाताळांतच असते. पाहुणे येणार, मोठी सभा भरणार, तेव्हां नव्या माणसास व्यासपीठावर उभें करून साक्ष देण्यास सांगावें. त्याचें पूर्वायुष्य सर्वांपुढें उलगडावें. त्याचें छायाचित्र काढावें. आणि वर्गणीच्या यादींत त्याचेंही नांव घालावें. त्यानें साक्ष देऊं नये, दान देऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आनंदानें देणारा देवास प्रिय आहे. परंतु त्याचें तें फळ त्याच्याच वेळीं येऊं द्या. लोकांपुढें बोलावयास लाविलें म्हणजे तो आम्ही शिकविलेले शब्द बोलतो, टाळ्या ऐकतो, आणि घरीं जातो तों त्याचें अंतर्याम खरडलेलें असतें. दुसऱ्या दिवशीं गांवांत कोणी त्याची थट्टा केली, तर त्यास उभें राहावयास खालीं मूळ नसतें. प्रभूनें खडकाळ जमिनीवरील बियांविषयीं हेंच सांगितलें (मत्तय १३:२०–२१) : आनंद तात्काळ, परंतु मूळ नाहीं; म्हणून ऊन लागतांच तें करपून गेलें.

प्रभूनें पेत्रास आपलीं कोंकरें चारावयास सांगितलें. कोंकरांची लोकर कातरावयास त्या दिवशीं सांगितलें नाहीं.

५. मुळाची वाढ डोळ्यांस दिसत नाहीं.

सर्वांत कठीण धडा शेवटीं सांगतों. घास पेरल्यावर पहिले पांच-सहा आठवडे जमिनीवर फारसें कांहीं दिसत नाहीं. उतावळा मनुष्य म्हणतो कीं बीं फसलें, वाफा मोडून दुसरें कांहीं लावूं. परंतु त्या काळांत घास आपलें मूळ खालीं धाडीत असतो. हें मूळ पुढें दोन-तीन मीटर व जमीन मोकळी असेल तर त्याहूनही खोल जातें, म्हणून चैत्र-वैशाखांत शेजारचें रान पिंवळें पडलें तरी हा वाफा हिरवा राहतो. त्या मुळांवर लहान गाठी असतात, आणि त्यांतील सूक्ष्म जीव हवेंतील नत्र घेऊन पिकास व जमिनीस देतात. जो घास आज आपल्याकडून पाणी मागतो, तोच उद्यां जमिनीला खत देणारा होतो.

मार्काच्या चवथ्या अध्यायांतील दृष्टांतांत मनुष्य बीं टाकितो, रात्रीं निजतो, दिवसा उठतो, आणि बीं कसें वाढतें हें त्यास कळत नाहीं. आधीं अंकुर, मग कणीस, मग कणसांत भरलेला दाणा. हा क्रम देवानें ठरविला आहे. तो कोणत्याही पाळकाच्या अहवालासाठीं बदलत नाहीं.

आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासांतील एक उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा सन १८९५ मध्यें झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचा बाप्तिस्मा सन १९०० मध्यें झाला. मध्यें पांच वर्षें गेलीं. ज्यांनीं लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' वाचिलीं आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं हीं वर्षें किती दुःखाचीं होतीं, आणि त्या बाईंच्या मनांतील सोंवळें-ओंवळें कसें हळूहळू गळून पडलें. त्या पांच वर्षांत बाहेरून पाहणारास वाफा रिकामाच वाटला असता. परंतु मूळ खालीं जात होतें, आणि त्या मुळाचा हिरवा चारा महाराष्ट्र आजही खात आहे.

म्हणून ज्यांच्या घरांतील एकच माणूस प्रभूकडे आलें आहे, ज्या माउलीचा नवरा अद्यापि दाराबाहेर बसतो, ज्या बापाचा मुलगा मंदिरांत येत नाहीं, त्यांनीं वाफा मोडूं नये. पाणी देत राहावें.

आतां उपयोगाविषयीं थोडेंसें.

आज ही पत्रिका वाचून झाल्यावर मंडळीच्या वडिलांनीं वहीं उघडावी व ह्या वर्षीं बाप्तिस्मा घेतलेल्यांचीं नांवें मोठ्यानें वाचावीं. प्रत्येक नव्या कुटुंबामागें मंडळींतील एक जुनें कुटुंब नेमून द्यावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच काम राहत नाहीं. त्या कुटुंबानें आठवड्यांतून एकदां त्या घरीं जावें. उपदेश करावयासच जावें असें नाहीं. जात्यापाशीं बसावें, मुलांची चौकशी करावी, विहिरीची पाळी मिळते कीं नाहीं हें विचारावें, निघतांना लहानशी प्रार्थना करावी. घरांत कोणी आजारी असेल तर रात्रीं एक माणूस सोबतीस राहावें. बहिणींनीं जुनीं चांगलीं पांघरुणें काढून ठेवावीं, व तीं देतांना दहा माणसांपुढें देऊं नयेत. नव्या कुटुंबाच्या भाऊबंदांशीं वैर धरूं नये. उलट त्यांच्या सुखदुःखांतही जावें, कारण तेही देवाचींच लेंकरें आहेत, आणि नव्या विश्वासणारानें आपलें गोत तोडावें अशी प्रभूची इच्छा नाहीं. नाताळच्या पंगतींत त्या कुटुंबास मध्यभागीं बसवावें आणि वडिलांनीं त्यांच्या शेजारीं बसावें. आणि उपदेशकबंधूंनीं, ज्यांच्याकडे गांवें पुष्कळ व हात थोडे आहेत, त्यांनीं एकट्यानें सर्व ओझें वाहूं नये. मंडळीनेंही त्यांस वाहूं देऊं नये. पाण्याची बारी एकट्या माणसानें दिली तर अर्धें शेत कोरडें राहतें. दोघे असले तर एक मोटेवर अगर पंपापाशीं उभा राहतो व दुसरा बारें मोडतो.

शेवटीं, रोम येथील बंदिशाळेंतून वृद्ध पौलानें तीमथ्याला लिहिलेलें पत्र आठवा. देमास त्यास सोडून गेला होता, बाकीचे दूर होते, केवळ लूक जवळ होता. त्रोवस येथें राहिलेला आपला झगा घेऊन ये, पुस्तकें आण, असें तो लिहितो. आणि पत्र संपतां संपतां एक लहानसें वाक्य घालतो कीं तीमथ्यानें हिवाळ्यापूर्वीं येण्याचा प्रयत्न करावा. हिवाळा आला म्हणजे समुद्रावरील जहाजें बंद होत. मग वसंत ऋतूपर्यंत येणें होत नसे, आणि तोंपर्यंत पौल उरला नसता. म्हणून केव्हांतरी ये, असें त्यानें लिहिलें नाहीं. हिवाळ्यापूर्वीं ये, असें लिहिलें.

जर त्या थोर प्रेषितास थंडींत झग्याची व मित्राची गरज वाटली, तर चार महिन्यांच्या विश्वासणारास ती किती वाटत असेल! बंधुभगिनींनो, रात्री थंड होऊं लागल्या आहेत. मार्गशीर्ष जवळ आला आहे. आपल्या गांवाच्या कडेस, वाडीवर, वस्तीवर, कोणी एक कुटुंब आज संध्याकाळीं दार अर्धें उघडें ठेवून वाटेकडे पाहत असेल. आम्ही एकदां उशिरा पोंचलों. तुम्ही उशीर करूं नका.

आपण प्रार्थना करूं.

हे प्रभो, हें शेत तुझें आहे, आमचें नाहीं. बीं तुझें, पाऊस तुझा, वाढ देणारा तूं. आम्हांस तूं केवळ पाण्याच्या बारीवर उभें केलेंस, आणि आम्ही झोंपलों. आम्हांस क्षमा कर. ज्यांस आम्हीं थंडींत एकटें सोडिलें, त्या कुटुंबास विसरूं नको; ज्यांनीं आपल्या घोंगडीखालीं त्या लेंकरास घेतलें, त्यांसही आशीर्वाद दे. आमच्या पंगतींतील भेद उपटून टाक, आणि आधीं आमच्या अंतःकरणांतील उपट. जे नवे अंकुर आहेत, त्यांचें मूळ तुझ्या प्रीतींत खोल जाऊं दे, म्हणजे ऊन येईल तेव्हां ते हिरवे राहतील. आणि आमच्या पायांस आजच चालावयास लाव, हिवाळ्यापूर्वीं. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.